थंडीच्या लाटेनंतर बास कसा पकडावा?

अमेरिकेतल्या तलावांवरून थंडीची लाट सरली आणि आभाळ निरभ्र झालं, की लार्जमाउथ बास मासा सुस्तावतो. पाणवनस्पती किंवा बुडालेल्या लाकडांच्या आडोशाला राहतो, भक्ष्यामागे लांब धावत नाही. अशा वेळी मोठी, वेगवान आमिषं बाजूला ठेवावीत. हलकी स्पिनिंग काठी, ६ ते ८ पौंड ताण पेलणारी फ्लुरोकार्बन दोरी आणि ४ ते ६ इंची मऊ प्लॅस्टिकचं गांडूळ घ्यावं.

हे गांडूळ जपानमध्ये रुजलेल्या ‘ड्रॉप शॉट’ पद्धतीने वापरावं. त्यात वजन दोरीच्या टोकाला आणि गळ त्याच्या वीतभर वर बांधतात. वजन तळाला टेकतं, आमिष माशाच्या नजरेसमोर तरंगत राहतं. काठीचं टोक हलकेच थरथरवावं, मग थांबावं. ओढ जाणवताच हिसका न देता दोरी गुंडाळत काठी उचलावी; बारीक गळ तेवढ्यानेही रुततो. इथे घाई नव्हे, संयमच मासा मिळवून देतो.