मुक्त स्रोत सॉफ्टवेअरमधील योगदान

ज्या सॉफ्टवेअरचा स्रोत कोणालाही पाहता, बदलता व वाटता येतो, त्यात स्वयंसेवकांनी केलेली भर किंवा दुरुस्ती म्हणजे मुक्त स्रोत सॉफ्टवेअरमधील योगदान होय. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जाहीर केलेला ग्नू प्रकल्प हा या परंपरेचा एक महत्त्वाचा प्रारंभ मानला जातो. फायरफॉक्स, लिब्रेऑफिस आणि विकिपीडिया ज्यावर चालतो ते मीडियाविकी ही या प्रकारची सॉफ्टवेअर आहेत.

प्रकार

आज्ञावली लिहिण्याखेरीज दोष कळविणे, साहाय्यपुस्तिका लिहिणे, फाँट तपासणे व भाषांतर करणे हीही योगदानेच होत. मीडियाविकीच्या संदेशांचे मराठी भाषांतर स्वयंसेवक करतात.

मराठीतील उदाहरण

मराठीत मागील अक्षरावर आघात येत असल्यास रफार देतात. आघात नसल्यास 'र' पापणीसारख्या आडव्या रेषेने दाखवितात. त्यामुळे 'दर्या' (समुद्र) व 'दऱ्या' (दरीचे अनेकवचन), तसेच 'आचार्यास' (गुरूस) व 'आचाऱ्यास' (स्वयंपाक्यास) हे शब्द भिन्न ठरतात. चांदूर रेल्वे हे गाव ज्या प्रदेशात आहे, त्या वऱ्हाडाच्या नावातही हेच रूप आहे. फाँटमध्ये किंवा अक्षरजुळणीत उणीव असल्यास त्याचे 'वर्हाड' होते. फायरफॉक्स व लिब्रेऑफिस यांत अक्षरजुळणीचे काम हार्फबझ हे मुक्त सॉफ्टवेअर करते.

युनिकोडमध्ये हे रूप दोन प्रकारे साठविता येते : 'ऱ' व हलन्त चिन्ह वापरून, किंवा साधा 'र', हलन्त चिन्ह व न दिसणारे जोडचिन्ह वापरून. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात. मात्र सॉफ्टवेअरने त्यांना समान मानले नाही, तर एका रूपाने शोधल्यास दुसऱ्या रूपात लिहिलेला मजकूर सापडत नाही.

'दऱ्या'ऐवजी 'दर्या' उमटल्यास मराठी न जाणणाऱ्या विकासकाला त्यात चूक दिसत नाही, कारण दोन्ही अक्षररचना निर्दोष असतात. म्हणून असा दोष मराठी वाचकानेच कळविणे आवश्यक ठरते.

प्रक्रिया

दोष पूर्वी नोंदविला गेला आहे का, हे प्रथम पाहतात. नव्या नोंदीत टंकलेला शब्द, अपेक्षित रूप, प्रत्यक्ष उमटलेले रूप, सॉफ्टवेअरची आवृत्ती, फाँटचे नाव व पडद्याचे चित्र देतात. दुरुस्ती कोणीही सुचवू शकतो. प्रकल्पाचे व्यवस्थापक ती तपासून स्वीकारतात, बदल सुचवितात किंवा नाकारतात. स्वीकारलेली दुरुस्ती पुढील आवृत्तीतून सर्व वापरकर्त्यांपर्यंत पोहोचते.