घाई कोणाची, निर्णय कोणाचा?

मार्चअखेरची संध्याकाळ. पेढीवर हिशेबाच्या वह्या उघड्या आहेत, बँकेचा फोन नुकताच येऊन गेला आहे आणि समोर बसलेला दलाल सांगतो आहे, “शेठ, सातच्या आत होकार द्या, नाहीतर माल दुसऱ्या पेढीवर जाईल.” अशा वेळी अनुभवी व्यापारीही गोंधळतो. होकार दिला तर भांडवल अडकते, नकार दिला तर संधी जाते आणि विचाराला घटकाभरही सवड नसते. पैसा व्याजाने मिळतो. वेळ कोणी उसना देत नाही.

तरीही व्यापारात काही निर्णय झटपट घ्यावेच लागतात. त्वरा आणि उतावीळपणा यांतील अंतर कोठे असते, हे सोलापूरच्या जैन व्यापारी कुटुंबात १८८२ साली जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांच्या एका निर्णयातून चांगले उमगते.

१९१९ सालचा आरंभ. पहिले महायुद्ध नुकतेच संपले होते. जहाजांची टंचाई होती आणि भाड्याचे दर चढले होते. हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरील वाहतुकीवर इंग्रज कंपन्यांचे वर्चस्व होते. अशा काळात रेल्वेच्या प्रवासात वालचंदांना बातमी लागली की, ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांचे ‘लॉयल्टी’ हे जहाज विकावयाचे आहे. युद्धकाळात ते रुग्णालय म्हणून वापरले गेले होते. मुंबईस परतल्यावर वालचंदांनी वेळ दवडला नाही. नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद, लल्लुभाई सामळदास यांच्यासारख्या मातबर मंडळींना त्यांनी सोबत घेतले. मार्च महिन्यात सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी स्थापन झाली आणि ५ एप्रिल १९१९ रोजी ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनकडे निघाले. तो दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो.

वरवर पाहता हा काही आठवड्यांचा खेळ वाटतो. परंतु त्यामागे अनेक वर्षांची तयारी होती. लक्ष्मणराव फाटक या रेल्वेतील माजी कारकुनाच्या भागीदारीत वालचंदांनी रेल्वेची कंत्राटे घेतली होती. मोठ्या कामाचा अंदाज बांधणे, माणसे जमवणे, सरकारी खात्यांशी व्यवहार करणे हे सारे त्यांच्या अंगवळणी पडले होते. मुख्य म्हणजे बाजारात त्यांची पत होती. ती नसती, तर चार धनिक मंडळी त्यांच्या शब्दावर एकत्र आली नसती. निर्णय थोड्या दिवसांत झाला, पण तो घेण्याची पात्रता सावकाश कमावलेली होती.

ही कथा येथेच थांबवली तर ती अर्धीच ठरेल. ‘लॉयल्टी’ हे १८९१ साली बांधलेले जुने प्रवासी जहाज होते. कंपनीला त्याने भरभराट दाखवली नाही आणि १९२३ साली ते मोडीत निघाले. दरम्यान बलाढ्य इंग्रज कंपन्यांनी भाडे पाडून नव्या कंपनीची कोंडी केली. अखेर १९२३ साली तिला जाचक अटींचा करार पत्करावा लागला. वालचंदांना तो रुचला नव्हता. पण त्या तडजोडीमुळे कंपनी तगली. पुढे १९४१ साली विशाखापट्टणमला तिच्या जहाजबांधणी कारखान्याची कोनशिला बसली आणि १९४८ साली तेथून ‘जलउषा’ हे जहाज पाण्यात उतरले.

म्हणजे जहाजाची निवड फसली, तरी उद्योग उभा राहिला. येथेच व्यावसायिकाने लक्ष द्यावे. जहाज मोडीत काढता येते, दुसरे घेता येते. तोट्याला मर्यादा असली आणि पाऊल मागे घेता येत असले, तर शीघ्र निर्णयाला भिण्याचे कारण नाही. एखाद्या नव्या मालाची लहान खेप मागवायची की नाही, यावर आठवडाभर खल करणे हाही तोटाच आहे. परंतु राहत्या घरावर कर्ज उचलणे, दुसऱ्याच्या कर्जाला जामीन राहणे, भागीदारीच्या कागदावर सही करणे, जुन्या मुनीमाला निरोप देणे, हे निर्णय एकदा झाले की सहसा परतवता येत नाहीत. त्यांच्या बाबतीत “आजच, आत्ताच” म्हणणाऱ्याला “उद्या सकाळी कळवतो” एवढेच उत्तर पुरे. उद्यापर्यंत न थांबणारा सौदा पुष्कळदा हातचा गेलेलाच बरा.

घाई नेमकी कोणाची आहे, हेही पाहावे. कर भरण्याची तारीख किंवा नाशवंत मालाची मुदत ही खरी निकड असते. विक्रेत्याला महिन्याचे उद्दिष्ट गाठायचे असते, ती त्याची निकड असते. ती आपल्या गळ्यात पडू देऊ नये. यासाठी मन शांत असतानाच मर्यादा आखून ठेवावी: एका व्यवहारात किती रक्कम गुंतवायची, कितीपर्यंत तोटा सोसायचा, कोणाला किती दिवसांची उधारी द्यायची. ती वहीत लिहिलेली असली की सायंकाळी सातच्या दडपणात नव्याने विचार करावा लागत नाही. सकाळी केलेला विचार कामी येतो.

आणखी एक गोष्ट पेढीवर नव्हे, घरी घडते. ज्या कागदाचा भार कुटुंबावर पडणार, तो सहीपूर्वी कुटुंबासमोर मांडावा. अनेक घरांत गहाणखताची बातमी पत्नीला आणि मुलांना बँकेची नोटीस आल्यावरच कळते, आणि पैशाहून मोठे नुकसान विश्वासाचे होते. जेवण झाल्यावर अर्धा तास सर्वांनी बसून तो व्यवहार समजून घेतला, तर घरातले कोणीतरी असा साधा प्रश्न विचारते की जो दिवसभराच्या धावपळीत सुचलेलाच नसतो. त्या प्रश्नाला नीट उत्तर देता आले, तर सकाळी निश्चिंतपणे सही करावी. उत्तर सापडले नाही, तर दलालाला नकार कळवण्यास सकाळची वेळही चांगलीच असते.