न्हाणीचे दार कुठे उघडते?



उसाचे बिल हाती आले की घराची डागडुजी निघते. आमच्या घरी ६ बाय ५ फुटांची न्हाणी. धुण्याच्या मशीनला जागा नाही, म्हणून भिंत पाडायचे ठरले. तोच मातोश्री आत घसरून पडल्या. दार आत उघडणारे, त्यांच्याच अंगाला अडले. अखेर फोडावे लागले. मुक्या मारावर निभावले.

मग दार बाहेर उघडणारे केले. दारामागचा कोपरा सुटला, मशीन तिथेच बसले. भिंत वाचली! बटण बाहेर घेतले, अर्थिंग पक्के केले. फरशी खडबडीत घातली, मोरीकडे फुटाला पाव इंच उतार दिला, धरायला दांडी लावली.

गवंडी बोलावण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. आम्ही पडल्यावर विचारले.

— ऊस विकास अधिकारी