मातीचे पाखरू आणि मोकळी थट्टा

द्रोणाचार्यांनी कौरव-पांडवांची परीक्षा घेतली, त्या कथेतील एक बारकावा पुष्कळांच्या ध्यानात राहत नाही. झाडाच्या शेंड्यावर बसविलेला तो भास पक्षी जिवंत नव्हता. आचार्यांनी तो कारागिरांकडून करवून घेतला होता. नेम शिकविण्यासाठी जीव घेण्याचे कारण नाही, कृत्रिम पाखराने काम भागते, ही युक्ती आपल्याकडे महाभारताइतकी जुनी आहे. उणीव एवढीच, की ते पाखरू जागचे हलत नव्हते. दुसरी उणीव माझ्या मते अधिक मोठी, ती ही की त्या परीक्षेत कोणी हसले नाही. युधिष्ठिराला झाड दिसले, भाऊ दिसले, आचार्य दिसले. बोलणी खाऊन तो बाजूस झाला. बाकीचेही तसेच खाली मान घालून बाजूस झाले. एवढे तरुण राजपुत्र एके ठिकाणी जमलेले, आणि थट्टेचा एक शब्द नाही! पुढे त्या घराण्याचे काय झाले ते सर्वश्रुत आहे.

हा विचार सुचला तो दिल्लीस, तुघलकाबादच्या डॉ. करणी सिंग नेमबाजी मैदानावर. १९८२ च्या आशियाई खेळांसाठी हे मैदान उभारले गेले. प्रस्तुत लेखकाचे सारे आयुष्य डहाणू-तलासरीकडे मुलांना व्याकरण शिकविण्यात गेले. बंदुकीशी संबंध येण्याचे कारण नव्हते. परंतु तलासरीकडील एका पाड्यावरचा माझा एक जुना विद्यार्थी सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त होऊन दिल्लीस स्थायिक झाला आहे, आणि नवशिक्यांना छऱ्यांच्या बंदुकीचा नेम शिकवितो. त्याच्या आग्रहास्तव तेथे एक सकाळ काढली. बंदुका पाहण्यास गेलो आणि माणसे पाहून आलो.

या खेळात उडवितात ती एक तबकडी असते. व्यास ११० मिलिमीटर, वजन सुमारे १०५ ग्रॅम, उंची जेमतेम एक इंच. जगभर तिला मातीचे कबूतर म्हणतात. प्रत्यक्षात तिच्यात आज माती नसून चुनखडीची भुकटी आणि डांबर असते. नाव राहिले, वस्तू बदलली. भाषेत असे नेहमीच होते.

कबूतर हे नाव मात्र उगाच नाही. अठराव्या शतकापासून इंग्लंडात जिवंत कबुतरांवरच हा खेळ चाले. प्रारंभी जमिनीतील खळग्यात पाखरू ठेवून त्यावर जुनी टोपी झाकीत. दोरी ओढली की टोपी उलटे, पाखरू उडे आणि बार निघे. पुढे टोपीची जागा पेटीने घेतली. आजही नेमबाज तबकडी मागतो ती ‘पुल’ असे ओरडून. त्या आरोळीत ती जुनी दोरी अजून शिल्लक आहे. १९०० साली पॅरिसच्या ऑलिंपिकच्या वेळी झालेल्या अशा सामन्यात सुमारे ३०० पाखरे मेली आणि बेल्जियमच्या एका गृहस्थाने एकट्याने २१ मारून पहिला क्रमांक मिळविला. असला पराक्रम इतिहासजमा झाला, याचा मला मनापासून आनंद वाटतो. इंग्लंडने १९२१ साली कायदा करून ही रीत बंद केली.

तबकडीची कल्पना अमेरिकेतील जॉर्ज लिगोव्स्की नावाच्या गृहस्थाची, साल १८८०. मुले चपटे शिंपले पाण्यावर तिरपे फेकीत होती, ते पाहून त्याला ही कल्पना सुचली असे सांगतात. डहाणूच्या खाडीकाठी पोरे खापऱ्या फेकून पाण्यावर ‘भाकऱ्या’ काढतात, तोच हा प्रकार! आमच्या किती पिढ्या या भाकऱ्या मोजीत बसल्या; कोणी त्यांचे यंत्र केले नाही. लिगोव्स्कीची पहिली तबकडी भाजलेल्या मातीची होती आणि फार टणक निघाली. छर्रे लागले तरी ती फुटेना. म्हणून पुढे डांबर आले.

आता खेळाची रीत. जमिनीत एक खंदक, त्यात १५ यंत्रे. मागे १५ मीटरांवर एका ओळीत पाच जागा, आणि खेळणारे सहा. प्रत्येक जण आपल्या जागेवरून एक तबकडी मारतो आणि उजवीकडे सरकतो. सहावा नेहमी वाट पाहत असतो, आणि वाट पाहणाऱ्याला बोलण्यावाचून दुसरा उद्योग नसतो हे चाणाक्ष वाचकांनी ओळखलेच असेल. तबकडी डावीकडे, उजवीकडे की समोर जाणार हे आधी कळत नाही. ताशी १०० किलोमीटरहून अधिक वेगाने ती निघते. दोन बार करण्याची मुभा असते. प्रत्येक काडतुसात २४ ग्रॅम छर्रे. एका फेरीत २५ तबकड्या. तबकडीचा एक तरी तुकडा डोळ्यांना दिसेल असा उडाला पाहिजे. नुसती धूळ निघाली तर पंच तो नेम धरीत नाही.

आणि येथेच थट्टेला तोंड फुटते. इतर खेळांत चूक झाकता येते. पत्त्यांत भिडूवर ढकलता येते, क्रिकेटात खेळपट्टीवर. येथे सहा जणांच्या देखत ती तबकडी अखंड, साबूत, डौलाने जाऊन गवतावर उतरते. लपविणार काय?

एका निवृत्त कर्नलसाहेबांचे दोन्ही बार वाया गेले. ते म्हणाले, ‘‘सूर्य डोळ्यांवर आला.’’ पतियाळाकडचे एक वृद्ध सरदारजी मागे उभे होते. ‘‘कर्नलसाहेब, हा सूर्य तुमच्याच पाळीला बरा येतो! आमच्या वेळी रजेवर असतो वाटते.’’ तिसऱ्याची नवी कोरी इटालियन दुनळी; तिच्यावर नक्षी इतकी की देवघरात ठेवावी. त्याच्या चार तबकड्या ओळीने सुटल्या, तेव्हा सरदारजी गंभीरपणे म्हणाले, ‘‘बंदूक पाच पिढ्या पुरेल अशी घेतलीत हे उत्तम केले. नेम तेवढा पुढच्या पिढीवर सोपविलेला दिसतो.’’ पाचव्या तबकडीची धूळ उडाली. मालक ओरडले, ‘‘लागला, लागला, धूळ निघाली!’’ यावर पंचाने नकारार्थी मान हलविली आणि कर्नलसाहेबांनी सूड उगविला : ‘‘धूळ आमच्या घरी केरसुणीनेही निघते.’’ हे सारे हिंदी-पंजाबीत चालले होते. मराठीत त्याची धार थोडी बोथट झाली असल्यास दोष माझा.

माझीही सुटका झाली नाही. सुभेदार सर्वांना सांगू लागला, ‘‘आमच्या गुरुजींना बंदूक देऊ नका. वर्गात शेवटच्या बाकावर डुलकी घेणाऱ्याच्या कपाळावर यांचा खडू बरोबर बसे. मी स्वतः तीन वर्षे तबकडी होतो.’’

भरताने नाट्यशास्त्रात हास्याचे सहा प्रकार सांगितले आहेत. उत्तमांचे स्मित आणि हसित, मध्यमांचे विहसित आणि उपहसित, अधमांचे अपहसित आणि अतिहसित. त्या सकाळी मी सहाही मोजले. पैकी शेवटचे, डोळ्यांत पाणी आणणारे, माझेच होते.

परंतु अर्ध्या तासात माझ्या ध्यानात एक गोष्ट आली. या थट्टेला एक कडक नियम आहे आणि तो कोठेही लिहिलेला नाही. या जागेवरून त्या जागेवर जाताना बंदूक मधून मोडून, उघडी ठेवूनच न्यावी लागते. नळ्यांतून आरपार आकाश दिसले पाहिजे. बंदूक उघडी आहे तोवर तोंडे उघडी. कोणी काडतूस भरून ती मिटली, की सहाही तोंडे मिटतात. वाक्य अर्धे असले तरी तेथेच तुटते. बार होतो, बंदूक उघडते, आणि वाक्य पुढे चालू होते. इतके सुंदर विरामचिन्ह मी चाळीस वर्षांच्या मास्तरकीत शिकवू शकलो नाही.

तेवढ्यात एक नवखा तरुण एका विनोदावर हसत हसत मागे वळला. बंदूक मिटलेली होती. नळ्या क्षणभर आम्हां सर्वांच्या अंगावरून फिरल्या. जे सरदारजी इतका वेळ खोड्या काढीत होते त्यांनी एक पाऊल पुढे टाकून त्या नळ्यांना हाताने जमिनीकडे वळविले आणि हलक्या आवाजात म्हणाले, ‘‘बेटा, आज बस्स.’’ तरुणाने बंदूक उघडली, काडतूस काढले आणि तो बाकावर जाऊन बसला. कोणी वाद घातला नाही. नंतर दोन तास थट्टा चालली, पण त्या प्रसंगावरून कोणी अक्षर काढले नाही. चहाच्या वेळी त्याला बोलावून मध्ये बसविले, आणि कर्नलसाहेबांनी आपला सूर्याचा विनोद स्वतःवरच पुन्हा सांगितला.

दुसरा प्रसंग याहून लहान. पलीकडच्या मैदानावर निवडीसाठी तयारी करणारा एक मुलगा फेरीच्या शेवटच्या तबकडीला चुकला. बाकीच्या २४ त्याने फोडल्या होत्या. आमच्या टोळीने ते पाहिले आणि एकही शब्द निघाला नाही. सरदारजी गेले, त्याची काडतुसांची पिशवी उचलली आणि त्याच्याबरोबर शंभर पावले चालत गेले. हौशी माणसाची चूक हसण्यासाठी असते. ज्याचे वर्ष त्या तबकडीवर टांगलेले आहे त्याची नसते. हा भेद आपल्या भरल्या घरांत, नापास झालेल्या मुलाच्या ताटासमोर, किती जणांना सांभाळता येतो? २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकात महेश्वरी चौहान आणि अनंतजीतसिंग नारूका यांच्या जोडीचे कांस्यपदक चीनकडून ४३ विरुद्ध ४४ असे गेले. एका तबकडीचे मोल ते हे.

हा खेळ आपल्याकडे रुजला तो संस्थानिकांच्या आश्रयाने. मैदानाला ज्यांचे नाव आहे ते बिकानेरचे महाराजा करणी सिंग १९६२ साली कैरोच्या जागतिक स्पर्धेत पहिल्या क्रमांकाशी बरोबरीस आले आणि निर्णायक फेरीत हरून रौप्यपदक घेऊन परतले. पतियाळाच्या राजघराण्यातील रणधीर सिंग यांनी १९७८ साली बँकॉकला आशियाई सुवर्णपदक मिळविले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला पायबंद बसला. तबकडी तेवढी निष्पाप राहिली. आणि २०२३ साली हांगझोऊ येथे भारतीय महिलांच्या संघाने रौप्यपदक जिंकले, त्या तिघी कोण? रणधीर सिंगांची कन्या राजेश्वरी कुमारी, भोपाळकडील कोळ्याची मुलगी मनीषा कीर, आणि इटारसीच्या कपडे धुण्याचा व्यवसाय करणाऱ्यांची मुलगी प्रीती रजक. पाठच्या दोघी मध्य प्रदेश सरकारच्या नेमबाजी अकादमीत तयार झाल्या.

राजकन्या आणि कोळ्याची पोर एकाच ओळीत उभ्या राहतात, यासाठी कोणी तरी कोळ्याच्या पोरीच्या हाती बंदूक आणि काडतुसे द्यावी लागतात. ती स्वस्त नसतात. मराठी नावे आज गाजतात ती मुख्यतः रायफल आणि पिस्तूल यांत. तलासरीच्या पाड्यांवरच्या नेमाला या खेळात जागा कोण देणार, हे मी सुभेदाराला विचारले. एकलव्याचे नाव मी घेतले नाही. त्यानेही घेतले नाही.

तो एवढेच म्हणाला, की दर मे महिन्यात तो घरी जातो, तेव्हा कापणी झालेल्या मोकळ्या शेतात पाड्यावरची मुले-मुली गोळा करतो. वाळवलेल्या मातीच्या गोळ्या, बेचक्या, आणि हवेत फेकायला फुटक्या कौलांच्या खापऱ्या. पाखराला मारायचे नाही, ही एकच अट. गेल्या उन्हाळ्यात नऊ वर्षांच्या एका मुलीने ओळीने सहा खापऱ्या उडविल्या. मग तिने बेचकी सुभेदाराच्या हाती दिली. त्याची पहिलीच खापरी अखंड खाली आली, आणि ती पोर कमरेवर हात ठेवून विचारती झाली, ‘‘काका, सूर्य डोळ्यांवर आला का?’’