पडद्याला वाचा फुटली तेव्हा

१४ मार्च १९३१ रोजी मुंबईत, गिरगावातील मॅजेस्टिक चित्रगृहात इंपीरियल कंपनीचा 'आलम आरा' लागला आणि भारतीय पडद्याला वाचा फुटली. चार आण्यांचे तिकीट त्या वेळी चार-पाच रुपयांना विकले गेले, गर्दी आवरण्यासाठी पोलीस बोलवावे लागले, ही हकीकत चित्रपटाच्या इतिहासात वारंवार सांगितली जाते. ती सांगण्याजोगी आहेच. परंतु ओसरीवर बारसे चालू असताना माजघरात कोण डोळे पुसत बसले होते, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. मूकपटांत नाव कमावलेल्या नटनटींचे त्या दिवसानंतर काय झाले, याचा विचार आम्हांला येथे करावयाचा आहे.

या प्रश्नाला एक ठरीव उत्तर दिले जाते. त्या मंडळींना खरा अभिनय येतच नव्हता. ती नुसते हातवारे करीत, आणि तोंड उघडण्याची वेळ येताच उघडी पडली, असे ते उत्तर. हे उत्तर सोपे आहे, म्हणूनच ते लोकप्रिय आहे. आमच्या मते परीक्षार्थी नापास झाले असे म्हणण्यापेक्षा परीक्षेचा विषयच रातोरात बदलला, असे म्हणणे अधिक न्यायाचे होईल.

प्रथम जुनी परीक्षा कोणती होती ते पाहू. मूकपटातील नटाला शब्द नव्हता. जे सांगावयाचे ते डोळ्यांनी, चेहऱ्याने, चालण्याबोलण्यातील केवळ चालण्याने. प्रसंगांच्या मधून लिखित पाट्या येत, आणि त्या एकाच पडद्यावर दोन-तीन भाषांत असत. ज्यांना वाचता येत नसे त्यांच्यासाठी चित्रगृहात कोणीतरी त्या मोठ्याने वाचून दाखवी. पडद्याशेजारी पेटी-तबला चाले. म्हणजे मूकपट मुका असला तरी चित्रगृह मुके नव्हते; मुका होता तो फक्त नट. आणि त्याचे हे मुकेपण हेच त्याचे भांडवल होते. मुंबईत तयार झालेले चित्र पेशावरला लागो की मद्रासला, नट सर्वांना सारखाच कळे. तो कोणत्या भाषेचा, हा प्रश्नच उद्भवत नसे.

हा प्रश्न उद्भवत नसल्यामुळे आणखी एक गोष्ट घडली. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' काढला तेव्हा तारामतीच्या भूमिकेसाठी स्त्री मिळाली नाही. अण्णा साळुंके यांना ती करावी लागली. पुढे स्त्रिया या धंद्यात आल्या, त्यांत अँग्लो-इंडियन आणि ज्यू समाजांतील मुलींचा वाटा मोठा होता. घरात इंग्रजी बोलणाऱ्या या मुलींना हिंदुस्थानी नीट येते की नाही, हे कोणी विचारले नाही. रेने स्मिथ नावाची अँग्लो-इंडियन मुलगी 'सीतादेवी' झाली आणि १९२५ च्या 'लाइट ऑफ एशिया'त गौतमाची गोपा म्हणून युरोपातही पाहिली गेली. पुण्यात जन्मलेल्या, टेलिफोन ऑपरेटरचे काम करणाऱ्या रूबी मायर्स 'सुलोचना' झाल्या. दुसऱ्या बाजूने शरीर कमावलेले, तलवार चालविणारे, घोडदौड करणारे तरुण नायक झाले. मूकपटाचे दार असे होते की आत येणाऱ्याला त्याची मातृभाषा कोणी विचारीत नसे.

आता नवी परीक्षा. तिचे स्वरूप कळण्यासाठी त्या वेळचे ध्वनिमुद्रण कसे चाले ते थोडे समजून घेतले पाहिजे. 'आलम आरा'साठी जे यंत्र आणले होते त्यात चित्र आणि आवाज एकाच फितीवर, एकाच वेळी उमटत. चित्र आधी घेऊन आवाज मागाहून भरावा, अशी सोय नव्हती. नट जे बोलेल, जसे बोलेल, तेच कायम होई. कॅमेऱ्याची घरघर, पंख्याचा आवाज, बाहेरची वर्दळ, सारे काही मायक्रोफोन टिपून घेई. इंपीरियलच्या स्टुडिओजवळून आगगाड्या जात. त्यामुळे बरेचसे काम मध्यरात्रीनंतर, गाड्या थांबल्यावर उरकावे लागे. मायक्रोफोन कोठेतरी दडवून ठेवलेला असे आणि नटाला त्याच्या टप्प्यात राहूनच बोलावे लागे. ज्याची सारी कला मोकळ्या हालचालीत होती, त्याला जागेवर जणू खिळून टाकले गेले.

शिवाय आपल्याकडे नुसत्या बोलण्याने भागणारे नव्हते. 'आलम आरा'त सात गाणी होती, आणि ती नटांनी स्वतःच, मायक्रोफोनसमोर, त्याच वेळी गावयाची होती. म्हणजे शुद्ध उच्चार, कमावलेला गळा आणि अभिनय ही तीन कामे एका माणसाने एकाच क्षणी करावयाची. अमेरिकेतील नटांपुढे १९२७ नंतर उच्चाराचा प्रश्न उभा राहिला होता. आपल्याकडे त्यावर गळ्याची भर पडली.

या नव्या परीक्षेला पहिल्याच दिवशी बसले ते मास्टर विठ्ठल. मूकपटांच्या काळात साहसी भूमिकांत त्यांच्या तोडीचा नट क्वचितच असेल. शारदा कंपनीच्या चित्रांनी त्यांना घरोघर पोहोचविले होते. अर्देशीर इराणींनी त्यांना 'आलम आरा'चा नायक म्हणून बोलावले, तेव्हा शारदा कंपनीचा करार मोडून ते गेले. प्रकरण कोर्टात गेले. विठ्ठल यांची बाजू बॅरिस्टर महंमद अली जिना यांनी मांडली आणि विठ्ठल त्यातून मोकळे झाले. पण कोर्टात बाजू मांडणारा बॅरिस्टर मिळतो, मायक्रोफोनपुढे मिळत नाही. विठ्ठल यांचे उर्दू त्या भूमिकेला पुरे पडेना. तेव्हा त्यांची भूमिका अशी बेतण्यात आली की नायक बराच वेळ अर्धवट शुद्धीतच दिसावा. देशातल्या पहिल्या बोलपटाचा नायक असा जवळजवळ मूकच राहिला! त्याच चित्रातील नायिका झुबेदा याही मूकपटातूनच आल्या होत्या. पण ती भाषा त्यांच्या घरची होती, त्यामुळे त्यांना अडचण पडली नाही. दोघांच्या अभिनयात डावे-उजवे ठरविण्याचे येथे काही कारणच नाही. फरक पडला तो केवळ घरी कोणती भाषा बोलतात याचा.

सुलोचनाबाईंची कथा निराळी आहे. मूकपटांच्या अखेरच्या वर्षांत त्यांच्याएवढी लोकप्रिय नटी दुसरी नव्हती. १९२७ च्या 'वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे'त त्यांनी आठ रूपे घेतली होती. 'आलम आरा' ज्या इंपीरियल कंपनीने काढला, तिच्या त्या आघाडीच्या नटी होत्या, पण त्या चित्रात त्या नाहीत. कारण हिंदुस्थानीचेच. कीर्तीच्या शिखरावर असलेल्या बाईंनी मग काय केले? त्या शिकावयास बसल्या. वर्षभर त्यांनी पडद्यापासून दूर राहून भाषेचा अभ्यास केला आणि १९३२ मध्ये आपल्याच 'माधुरी' या मूकपटाचा बोलपट घेऊन त्या परतल्या. पुढे १९२९ चा त्यांचा 'इंदिरा बी. ए.' १९३४ मध्ये बोलका झाला, तेव्हा त्याचे नाव 'इंदिरा एम. ए.' असे ठेवण्यात आले. नाव देणाऱ्याने ते गंमत म्हणून दिले असेल, पण बाईंनी मधल्या काळात खरोखरच एक परीक्षा दिली होती. त्यांना महिना पाच हजार रुपये मिळत, हा आकडा त्या काळी डोळे दिपविणारा होता.

तरीही हे यश फार काळ टिकले नाही, हे नमूद केले पाहिजे. 'अनारकली' हे एकच कथानक घ्या. १९२८ च्या मूकपटात त्या अनारकली होत्या. १९३५ च्या बोलपटातही त्याच अनारकली होत्या. १९५३ मध्ये पुन्हा 'अनारकली' निघाला तेव्हा त्या सलीमच्या आईच्या भूमिकेत होत्या. १९७३ साली त्यांना दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला. १९८३ मध्ये त्या वारल्या. मेहनतीने भाषा येते, पण आपल्या चेहऱ्याभोवती रचलेले सारे जग बदलले तर ते मेहनतीने परत आणता येत नाही, एवढे या कथेतून दिसते.

भाषेने आणखी एक फाळणी केली. जो प्रेक्षकवर्ग अखंड होता त्याचे भाषावार तुकडे झाले. मूळचे तमिळ असलेले राजा सँडो मुंबईच्या मूकपटांत नायक होते; बोलपट आल्यावर ते तमिळ चित्रांकडे वळले आणि १९३५ मध्ये त्यांनी 'मेनका' दिग्दर्शित केला. ज्यांच्या पाठीशी अशी एखादी भाषा होती त्यांना माघारी जाण्यास घर होते. पण सीतादेवींसारख्यांनी कोणत्या घरी जावे? बोलपट आले आणि त्यांचे नाव मागे पडले. चित्रगृहांतील पेटी-तबलजी आणि पाट्या वाचणारे यांची तर कोणी नोंदही ठेवली नाही, आणि त्यांचे काम तीन-चार वर्षांत नाहीसे झाले.

हे दार काहींसाठी बंद झाले तसे काहींसाठी उघडलेही, आणि त्यात आम्हां मराठी माणसांचा लाभ झाला, हे मान्य केले पाहिजे. संगीत नाटकाची परंपरा ज्या समाजात आहे, त्याला गाणारे नट शोधावयास दूर जावे लागत नाही. १९३२ मध्ये प्रभातने 'अयोध्येचा राजा' काढला, तेव्हा हरिश्चंद्र झाले गोविंदराव टेंबे आणि तारामती झाल्या दुर्गा खोटे. ज्या तारामतीसाठी १९१३ मध्ये स्त्री मिळाली नव्हती, ती आता स्वतःच्या आवाजात मराठी बोलत, गात पडद्यावर आली. मात्र रंगभूमीचा गळा असला की सर्व जमले, असेही नव्हे. खुद्द बालगंधर्वांनी १९३५ मध्ये 'धर्मात्मा'त एकनाथांची भूमिका केली. परंतु ते पुन्हा रंगभूमीकडेच वळले. पडद्याची मागणी नाटकाहूनही निराळी होती.

त्याच १९३५ साली कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने 'धूपछाँव' या चित्रात गाणे आधी मुद्रित करून नटांकडून नुसते ओठ हलवून घेण्याची पद्धत वापरली. पार्श्वगायन ते हेच. चेहरा एकाचा आणि गळा दुसऱ्याचा, ही तडजोड पुढे इतकी रुळली की आज तिच्यात कोणाला वावगे वाटत नाही. ही सोय चार वर्षे आधी आली असती, तर गळ्यावाचून अडलेल्या कित्येकांचे निभावले असते. ज्या उणिवेसाठी एका पिढीला बाहेर जावे लागले, ती उणीव पुढल्या पिढीत उणीवच मानली गेली नाही!

एक उदाहरण उलट बाजूचे देतो. ललिता पवार मूकपटांत लहानपणीच आल्या. बोलपटाने त्यांना अडविले नाही. १९३५ च्या 'हिम्मत-ए-मर्दा'त त्या नायिका होत्या आणि स्वतः गायल्याही. पुढे १९४२ मध्ये चित्रणाच्या वेळी थोबाडीत मारण्याच्या प्रसंगात त्यांना इजा झाली, चेहऱ्याला लकवा आला आणि डावा डोळा कायमचा बारीक झाला. मूकपटाचे युग असते तर नायिकेची कहाणी तेथेच संपली असती. पण आता पडद्याला वाचा होती. त्या अधू डोळ्याला त्यांनी आपल्या धारदार बोलण्याची जोड दिली आणि खाष्ट सासूपासून प्रेमळ आईपर्यंत नव्या भूमिका पुढे अनेक दशके गाजविल्या. बोलपटाने काहींचे हिरावून घेतले हे जितके खरे, तितकेच कोणाला त्याने दुसरा जन्म दिला हेही खरे.

मग मूकपटातील मंडळींना अभिनय येत होता की नव्हता? याचा निवाडा करावयाचा तर पुरावा पाहिजे, आणि नेमका तोच नाही. आपल्याकडे तेराशेच्या आसपास मूकपट निघाले. त्यांतील फार थोडे, आणि तेही पुष्कळसे तुकड्यांच्या रूपाने, शिल्लक आहेत. चित्रपटांच्या जतनासाठी पुण्यात राष्ट्रीय संग्रहालय निघाले ते १९६४ मध्ये. तोपर्यंत फिती जळून, कुजून, किंवा त्यांतील चांदीसाठी वितळवून नाहीशा झाल्या होत्या. 'आलम आरा'चीही प्रत आज उपलब्ध नाही. विठ्ठल अर्धवट शुद्धीत कसे दिसत होते, हे आता कोणालाच पाहता येणार नाही.

तात्पर्य, या लोकांविरुद्धचा निकाल एकतर्फी लागलेला आहे. त्यांचे काम नष्ट झाले, आणि ज्या नव्या विषयात त्यांना कमी गुण पडले तेवढीच गोष्ट लक्षात राहिली. यंत्र बदलते तेव्हा धंद्यातील माणसांची कसोटीही बदलते, आणि हे काही पडद्यापुरते खरे नाही. अशा वेळी जो मागे पडतो त्याला नालायक ठरविण्यापूर्वी, कालपर्यंत आपण त्याच्याकडून काय मागत होतो आणि आज काय मागतो आहोत, एवढे तरी आपण स्वतःला विचारावे.