जलशुद्धीकरण केंद्राचा कायापालट

सकाळी नळ उघडताच स्वच्छ पाण्याची धार लागते. हे पाणी घरी येण्यापूर्वी त्यावर किती संस्कार झालेले असतात, याचा विचार आपण क्वचितच करतो. मुंबईचेच उदाहरण पाहा. वैतरणा नदीवरील धरणांत साठलेले पाणी भांडुप येथील जलशुद्धीकरण केंद्रात येते. चाळीस वर्षांहून अधिक काळ चालत आलेल्या या जुन्या केंद्राची क्षमता दररोज १९१ कोटी लिटर एवढी प्रचंड आहे.

नदीचे पाणी पावसाळ्यात गढूळ होते. त्यातील मातीचे कण इतके सूक्ष्म असतात की, पाणी कित्येक तास स्थिर ठेवले तरी ते तळाशी बसत नाहीत. म्हणून प्रथम पाण्यात तुरटी किंवा तिच्यासारखे द्रव्य मिसळतात. त्यायोगे कण परस्परांना चिकटतात, त्यांचे पुंजके बनतात आणि ते जड होऊन खाली बसतात. निवळलेले पाणी नंतर वाळूच्या जाड थरातून गाळतात. परंतु काचेसारखे नितळ पाणीही निर्धोक असतेच असे नाही. पटकी, विषमज्वर इत्यादी रोगांचे जंतू डोळ्यांना दिसत नाहीत. त्यांच्या नाशासाठी शेवटी क्लोरीन वापरतात. वाटेत पाणी पुन्हा दूषित होऊ नये, म्हणून त्याचा अल्पसा अंश, लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम, नळाच्या पाण्यातही उरावा लागतो.

माणसाप्रमाणे यंत्रांनाही वार्धक्य येते. झडपा गंजतात, वाळूत चिखलाच्या गाठी होतात, हौदांच्या भिंतींना भेगा पडतात. अशा वेळी केंद्र बंद ठेवून दुरुस्त का करू नये, असे तुम्ही विचाराल. घर दुरुस्त होईपर्यंत कुटुंब शेजाऱ्यांकडे राहू शकते. पण लक्षावधी लोकांची तहान एक दिवसही थांबत नाही. हीच या कामातील खरी अडचण होय.

तिच्यावर दोन उपाय आहेत. गाळणीचे हौद अनेक असतात. त्यांतील एकेक बंद करून त्याची वाळू व झडपा बदलाव्या आणि तोवर त्याचा भार इतरांनी वाहावा, हा पहिला उपाय. जुने केंद्र चालू ठेवून शेजारी नवे उभारावे, हा दुसरा. मुंबई महानगरपालिकेने हा दुसरा मार्ग पत्करला असून, भांडुप येथेच दररोज २०० कोटी लिटर क्षमतेचे नवे केंद्र उभारण्याचे काम हाती घेतले आहे. आधुनिक केंद्रांत पाण्याचा गढूळपणा व क्लोरीनचे प्रमाण यंत्रे अहोरात्र मोजतात. त्यामुळे किंचित बिघाडही तत्काळ ध्यानात येतो.

नळाची धार अखंड वाहते, ती तिच्यामागील श्रम अखंड चालू असतात म्हणून. उघड्या नळातून पाण्याबरोबर हे श्रमही वाया जातात, हे आपण विसरता कामा नये.