सात बेटांची राजधानी

महाराष्ट्राची राजधानी मुंबई नकाशात पाहिली, तर अरबी समुद्रात दक्षिणेकडे शिरलेला जमिनीचा एक निमुळता पट्टा दिसतो. हा पट्टा निसर्गाने असा अखंड घडविलेला नाही. साडेतीनशे वर्षांपूर्वी त्याच्या दक्षिण भागात कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी आणि माहीम अशी सात बेटे होती. भरतीच्या वेळी त्यांच्यामधून समुद्राचे पाणी खेळे आणि ओहोटीनंतर मागे दलदल उरे. बेटांवर कोळी लोकांची वस्ती असे. त्यांच्या मुंबादेवीवरूनच शहराचे नाव पडले.

महालक्ष्मी आणि वरळी यांच्यामधील वाटेने भरती आत घुसत असे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथे भक्कम बांध घालण्यात आला. पुढे टेकड्या फोडून त्यांच्या दगडमातीने उरलेल्या खाड्या बुजविल्या. सात बेटांचे एक बेट झाले खरे. परंतु बुजविलेली जमीन सखलच राहिली.

पूर्वेकडील बंदर मात्र निसर्गाचे देणे होय. मुख्य भूमी आणि बेट यांच्यामधील खोल, निवाऱ्याच्या पाण्यात मोठी जहाजे निर्धास्त उभी राहत. अडचण होती ती सह्याद्रीची. वऱ्हाड-खानदेशातील कापूस घाट उतरून बंदरावर यावा कसा? १८५३ साली मुंबई ते ठाणे आगगाडी धावली. १८६३ साली बोरघाटातून आणि १८६५ साली थळघाटातून लोहमार्ग खुला झाला, आणि कापसाला वाट मिळाली.

तत्पूर्वीच, १८५४ साली, कावसजी नानाभाई दावर यांनी ताडदेव येथे कापडगिरणीचा उद्योग उभारण्यास आरंभ केला होता. कोरड्या हवेत सूत तटातट तुटते. मुंबईची दमट हवा सूतकताईला मानवली. परळ, लालबाग, वरळी या भागांत गिरण्यांची धुराडी उभी राहिली. कोकणातून आणि घाटावरून आलेले कामगार चाळींतील एकेका खोलीत दाटीवाटीने राहत. त्या वस्तीला लोक गिरणगाव म्हणू लागले. जो सह्याद्री पूर्वी आडवा आला होता, त्याच्याच माथ्यावरचे पाणी खोपोलीला खाली सोडून १९१५ सालापासून गिरण्यांसाठी वीज निर्माण होऊ लागली!

१९८२ साली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. त्यानंतर बहुतेक गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. त्यांच्या जागी आज काचेच्या उत्तुंग इमारती दिसतात.

इमारती बदलल्या, तरी जमिनीचा उतार बदलला नाही. परळ-दादरजवळचा हिंदमाता परिसर बशीसारखा खोलगट आहे. मुसळधार पावसात तेथे हमखास पाणी साचते. उत्तरेकडील उपनगरांची स्थितीही फारशी निराळी नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, मिठी नदी पात्राबाहेर आली आणि शेकडो माणसे प्राणास मुकली. त्याच दिवशी कुलाब्याला शंभर मिलिमीटरही पाऊस झाला नव्हता!

शहरातील अनेक गटारांची तोंडे भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहेत. ऐन पावसात भरती आली, की पावसाचे पाणी समुद्रात जात नाही. उलट समुद्रच आत येऊ पाहतो. म्हणून काही ठिकाणी ही तोंडे झडपांनी बंद करून साचलेले पाणी पंपांनी उपसून समुद्रात टाकावे लागते. पावसाळ्यात मुंबईकर वर्तमानपत्रात पावसाच्या अंदाजाबरोबर भरतीची वेळही पाहतो, ती यासाठीच.